दहा फुटांवरची नजर

तिसऱ्या भागाच्या अठराव्या मिनिटाला बायकोने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि त्याच्या हातातला चमचा ताटलीत पडला. टीव्हीवर पाहिलं, म्हणजे गावभर पाहिलं असंच म्हणायचं. प्रसंग स्वयंपाकघरातला होता. तो बाह्या सरसावून सिंकपाशी उभा होता आणि भांडी घासता घासता कॅमेऱ्याला सांगत होता, की ती हरून आली की मी एक अक्षर बोलत नाही, जेवायला वाढतो आणि भांड्यांना लागतो. बोलणं त्याचंच होतं, भांडीही त्याच्याच घरातली होती. पण ते वाक्य संपलं आणि पडद्यावर तिचा चेहरा आला, नुसता चेहरा, मागे हळूच संगीत सुरू झालं, आणि ती बघू लागली. नजर किंचित खाली, भुवया सैल, ओठांच्या एका कोपऱ्यात हसू येऊन थबकलेलं. असं तिने किती वेळ पाहावं? पाच सेकंद. त्याने नंतर मोबाइलवर मोजले, पाच आणि वर थोडंसं. आठ वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं पाच सेकंद कधी पाहिलं नव्हतं. दोन सेकंदही नाही. हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, की पहिल्या क्षणी त्याला आनंद झालाच नाही. आधी छातीत काहीतरी गार गार उतरलं आणि मग प्रश्न पडला, की ही बाई बघतेय कुणाकडे.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘घरचा सामना’. नामवंत खेळाडूंच्या घरात त्यांचे जोडीदार कसे राहतात, काय खातात, कशावरून भांडतात, हे लोकांनी दर रविवारी संध्याकाळी सात वाजता बघायचं. सहा जोडीदार होते. गोलकीपरची बायको, मुष्टियोद्ध्याची बायको, सायकलपटूची बायको, अशा पाच बायका आणि हा एकटा बाप्या. बायको बॅडमिंटन खेळते आणि नवरा चष्म्याचं दुकान चालवतो, हे कार्यक्रमवाल्यांना फारच गोड वाटलं होतं. बाकीच्या पाचजणी त्याला भाऊजी म्हणायच्या, एकत्र जमल्या की त्याच्याकडून फुकटात नंबर तपासून घ्यायच्या आणि आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी त्याच्या कानावर घालायच्या, जणू तोही त्यांच्यातलाच एक. तो होताही. मुष्टियोद्ध्याची बायको एकदा म्हणाली होती, “भाऊजी, आपण सगळे राखीव खेळाडू. बाकावर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.” सगळ्या खळखळून हसल्या होत्या, तोही हसला होता. घरी येऊन मात्र त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

भाग संपतोय न संपतोय तोच अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिला ही भावजय पहिल्यापासून नापसंत. सारखी बॅग उचलून कुठेतरी निघालेली, घरात असली तर पायाला बर्फ लावून बसलेली. पण आज अक्का चक्क मुसमुसत होती. “अरे, मला काय माहीत,” ती म्हणाली, “मला वाटायचं ती तुला विचारत नाही. आज बघितलं रे मी. कशी बघत होती तुझ्याकडे. मी उगाच इतकी वर्षं तिच्याबद्दल वाईट चिंतलं.” तो हो हो म्हणत राहिला. अक्काचा तो दिलासा त्याला सोसवेना. त्याच्या नावावर कुणी भलत्याच माणसाचं पार्सल आणून दिलं होतं आणि सगळे त्याचं अभिनंदन करत होते. सांगावं कुणाला, की हे माझं नाही?

कारण त्याने ओळखलं होतं. दुसऱ्यांदा बघतानाच. स्वयंपाकघरात शूटिंग झालं त्या दिवशी तिने राखाडी रंगाचा ढगळ शर्ट घातला होता आणि केस कोरडे, वर बांधलेले होते. चेहऱ्याच्या त्या पाच सेकंदांत गळ्यापाशी हिरव्या कापडाची जेमतेम बोटभर पट्टी दिसत होती आणि कपाळावरचे केस घामाने चिकटलेले होते. हिरवा शर्ट ती फक्त सरावाला घालायची. म्हणजे ही नजर स्वयंपाकघरातली नव्हतीच. कुठूनतरी उचलून आणून त्याच्या भांड्यांशेजारी लावली होती. आणि त्याच्या डोळ्यांना तर एवढंही पुरेसं नव्हतं. वीस वर्षं तो लोकांच्या डोळ्यांत बघत आला होता, पट्टी धरून दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजत आला होता. माणूस हातातलं पुस्तक बघतो तेव्हा बाहुल्या किती आत येतात, रस्त्यापलीकडची पाटी वाचतो तेव्हा किती सरळ होतात, हे त्याला न मोजता सांगता येत असे. त्याने मोबाइल नाकाजवळ धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि तिचा चेहरा थांबवून ठेवला. दहा फूट. साधारण दहा फुटांवरचं काहीतरी, आणि खाली, गुडघ्याच्या उंचीला. पडद्यावरच्या चित्रावरून असं काही सांगता येत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर त्याने हसून सांगितलं असतं. पण मत्सर माणसाला एवढं शहाणपण शिल्लक ठेवू देत नाही. दहा फूट म्हणजे दहा फूट. तिथे कोणीतरी बसलेलं होतं, बुटक्या जागेवर, आणि ही त्याच्याकडे बघून विरघळत होती.

ती आतल्या खोलीत जमिनीवर चटई टाकून पाठीखाली तो रबरी रूळ घेऊन वरखाली सरकत होती. ती स्वतःला पडद्यावर कधीच बघत नसे. तो दारात जाऊन उभा राहिला. “अक्काचा फोन होता. रडत होती,” तो म्हणाला. “का? मी हरले ते दाखवलं वाटतं,” ती छताकडे बघत म्हणाली. “नाही. तू माझ्याकडे बघितलंस ते दाखवलं.” ती हसली. “मग त्यात रडायला काय झालं? नवऱ्याकडे नाही बघायचं तर कुणाकडे बघायचं?” हाच तो क्षण होता. विचारायचं ते इथेच विचारून टाकता आलं असतं. पण जिभेवरून भलतेच शब्द घरंगळले. “पाठ अजून दुखते?” “थोडी. फिजिओ म्हणाला आठवडा लागेल.” फिजिओ. तिने तो शब्द किती सहज उच्चारला, मीठ दे म्हणावं तसा. आणि त्याच्या डोक्यात सगळी चित्रं भराभर जागेवर बसली.

फिजिओ म्हणजे तिच्या घोट्याला पट्ट्या बांधणारा, खांदा चोळून देणारा, तिच्याबरोबर परगावी जाणारा माणूस. वय तिशीचं. दंड असे, की बाह्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. तिला तो ‘चॅम्प’ म्हणायचा, आणि हिलाही ते चालायचं. नवऱ्याने एकदा लाडाने काही म्हणून पाहिलं होतं, तर “काय पोरकटपणा” असं ऐकावं लागलं होतं. तिचं अंग त्या माणसाला जितकं पाठ होतं तितकं नवऱ्याला नव्हतं. डाव्या पोटरीतली कुठली शीर कुठल्या हवेत आखडते, कुठे दाबलं की ती श्वास रोखते, कुठे दाबलं की सोडते. नवऱ्याला ठाऊक काय? तर डावा डोळा पाऊण नंबर, उजवा एक. त्यातही समाधान मानलं होतं त्याने. ती पहिल्यांदा दुकानात आली होती तेव्हा वीसेक वर्षांची होती, आणि तिची नजर एका जागी ठरत नव्हती. तपासताना त्याने तिला म्हटलं होतं, माझ्या कानाकडे बघा. सगळ्यांनाच तसं सांगायचं असतं, म्हणजे बुबुळ नीट दिसतं. तिने बघितलं, आणि दुसऱ्याच क्षणी दाराबाहेरून गेलेल्या पाखरामागे तिचे डोळे गेले. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेले. जे उडतं त्याच्यामागे जायची सवय त्या डोळ्यांना लहानपणापासून लावलेली होती. त्याने तेव्हाच ओळखायला हवं होतं, की आपण काही उडणाऱ्यांतले नाही. तो काउंटरपलीकडे बसणारा माणूस. तरी तिने लग्नाला हो म्हटलं, आणि का म्हटलं हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. मिळालंय ना, मग गप्प बसावं, फार चौकशी केली तर परत मागतील, अशा बेताने तो आठ वर्षं राहिला. ती त्याच्याकडे बघायची, नाही असं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तशी. घड्याळावर कुणी रागावत नाही, त्याच्यावाचून अडतंही, पण त्याच्याकडे बघून कुणाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू थबकत नाही.

सोमवारी दुकानात गिऱ्हाइकांनी त्याचा जीव नकोसा केला. नेहमीच्या आजी फ्रेमची दांडी आवळून घ्यायला आल्या आणि काउंटरवरचा त्याचा हात थोपटून म्हणाल्या, “नशीबवान आहात हो. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात असं बघितलं नाही.” एका शाळामास्तरांनी नंबर काढताना, वरून तिसरी ओळ वाचायची सोडून, संसार कसा करावा हे तुमच्याकडून शिकावं असं काहीसं म्हटलं. त्याने मास्तरांच्या डोळ्यांसमोर चुकीची काच घातली आणि मास्तरांना सगळी अक्षरं पुसट दिसली तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने त्यांना चहा मागवला. दुपारपर्यंत त्याने ते पाच सेकंद चाळीस वेळा बघितले असतील. बघता बघता एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. त्याला तो चेहरा आवडायला लागला. ही बाई आपली असती तर, असं त्याच्या मनात आलं, आणि ती आपलीच आहे हे आठवून त्याने मोबाइल पालथा घातला. टीव्हीतल्या त्या भांडी घासणाऱ्या माणसाचाही त्याला हेवा वाटला. त्या लेकाच्याला काही माहीत नव्हतं. तो आपला साबणाच्या फेसात हात घालून मजेत उभा होता आणि त्याच्यावर प्रेमाचा पाऊस पडत होता.

मंगळवारी तो हॉलवर गेला. निमित्त लेन्सच्या डबीचं. ती डबी विसरली नव्हती, त्यानेच सकाळी तिच्या बॅगेतून काढून स्वतःच्या खिशात टाकली होती. हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी तो वास यायचा, घामाचा, रबरी तळव्यांचा आणि मलमाचा, आणि वर उंच छतावरून तो पांढराफटक उजेड, ज्यात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसत. ती पलीकडच्या कोर्टवर होती. तिने हात केला आणि पुन्हा शटलमागे गेली. गेल्या महिन्यात कार्यक्रमवाले इथे दोन दिवस तळ ठोकून होते, तेव्हा वाट बघणारा नवरा म्हणून त्यालाही इथे आणून बसवलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्या दोन दिवसांतलं त्याला कंटाळ्याखेरीज काही आठवत नव्हतं. आज मात्र तो पूर्ण जागा होता. तिचा बाक त्याला ठाऊक होता, खेळून आली की ती तिथेच बसे, भिंतीकडचं टोक धरून. तो तिथे बसला. तिच्या उंचीचा अंदाज घेऊन जरा खाली सरकला. मग उठला आणि कुणी बघत नाही असं पाहून पावलं टाकू लागला. त्याचं पाऊल अडीच फुटांचं होतं, दुकानात शेल्फ बसवताना मोजलेलं. एक, दोन, तीन, चार. चौथं पाऊल जिथे पडलं तिथे फिजिओचा कोपरा होता. भिंतीला लागून बुटकं, गादीचं बाकडं, ज्यावर तो खेळाडूंना झोपवून त्यांचे पाय चोळायचा. आणि त्या बाकड्यावर, गुडघ्याच्या उंचीला, फिजिओ स्वतः बसला होता आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होता.

“या या साहेब,” फिजिओ म्हणाला, “चॅम्पचं व्हायला अजून अर्धा तास आहे. बसा ना.” आणि तो सरकला, बाकड्यावर जागा करून दिली. चांगला माणूस होता. हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं. नालायक असता तर त्याचा सरळ राग तरी करता आला असता. “भाग बघितला मी रविवारी,” फिजिओ पुढे म्हणाला. “आईपण होती बरोबर. आई म्हणाली, असं कुणी माझ्याकडे बघितलं तर मी उद्या लग्न करीन.” आणि हसला. चोर इतका मोकळा हसतो का? की मुरलेला चोर असाच हसतो? त्याने लेन्सची डबी तिथेच बाकड्यावर ठेवली आणि दुकानात माणसं थांबलीत असं सांगून तो निघाला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण दात इतके आवळले आहेत की जबडा दुखतोय.

कार्यक्रमात एक रीत होती. आठवड्यातून एकदा ‘खुर्ची’वर बोलावत, आधी जोडीदाराला आणि मग, त्याचं बोलणं दाखवून, खेळाडूला. खुर्ची म्हणजे खरोखरच एक खुर्ची, ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मागे काळा पडदा, समोर कॅमेरा आणि कॅमेऱ्याशेजारी सगळे जिला ताई म्हणत ती निर्माती. खोलीत शिरताना मोबाइल बाहेरच्या टेबलावरच्या टोपलीत टाकायचा. मग ताई हळू आवाजात काहीतरी साधंच विचारायची आणि गप्प बसायची. तिची सगळी करामत त्या गप्प बसण्यात होती. समोरच्याला ती शांतता सोसत नसे, तो ती भरून काढायला काहीतरी बोलायचा, आणि ते काहीतरी रविवारी सगळे बघायचे. गोलकीपरच्या बायकोने त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “भाऊजी, खुर्चीवर बसलात की मनात पाढे म्हणायचे. ताई गप्प बसली की बे एके बे.” दोन आठवडे त्याने म्हटले होते. बुधवारी त्याला बेचा पाढाही आठवला नाही.

“भाग आवडला?” ताईने विचारलं. तो आवडला म्हणाला. ताई गप्प. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. “लोक म्हणतात, तिची नजर बघण्यासारखी होती,” ती म्हणाली आणि पुन्हा गप्प. त्याने खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. आणि मग त्याला आपलाच आवाज ऐकू आला, दुकानात नंबर सांगताना असतो तसा स्वच्छ, एकसुरी. “ती नजर माझ्यासाठी नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत नाही. ती फिजिओकडे बघते.” ताईने श्वासही घेतला नाही. ती तेव्हा एक शब्द जरी बोलली असती तरी तो थांबला असता. “मी मोजलंय,” तो म्हणाला. “दहा फूट. मी जाऊन मोजून आलो. एकतीस वर्षांची झाली, दर दुसरी मॅच हरते, गेल्याच वर्षी थांबायला हवं होतं तिने. का थांबत नाही? तो तिथे आहे म्हणून थांबत नाही. मी घरी भांडी घासतो आणि ती त्याच्यासाठी खेळते.” बोलताना त्याला भलतं बरं वाटत होतं, उलटी झाल्यावर वाटतं तसं. आठ वर्षांत त्याचं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. तिच्या हरण्याबद्दल आपण आजवर चकार शब्द काढला नाही याचा त्याला केवढा अभिमान होता, आणि तो सगळा साठा त्याने त्या काळ्या पडद्यापुढे एका दमात ओतून रिकामा केला. ताई शेवटी म्हणाली, “थँक्यू भाऊजी. फार प्रामाणिक बोललात.” त्याने डोळे पुसले. त्याला वाटलं, आपण एकदाचे पुरुषासारखे वागलो.

बाहेर पॅसेजमध्ये चहाच्या मशिनपाशी एडिटर उभा होता. दाढीवाला, झोप न झालेला, मोठ्या मनाचा गडी. सगळे भाग तोच जोडायचा. त्याला बघून एडिटरने स्वतःहून कप भरून दिला. आणि आता गमावण्यासारखं काही उरलंच नाही अशा हलक्या मनाने त्याने विचारून टाकलं, “तो तिचा चेहरा, भांड्यांनंतरचा, तो कुठला?” एडिटर ओशाळला. “कळलं तुम्हाला? शर्टावरून ना? मी ताईंना म्हटलं होतं कुणीतरी पकडणार. अहो, स्वयंपाकघरात त्या मोबाइल बघत होत्या, मला एक चेहरा मिळेना. मग हॉलमधला लावला.” “हॉलमधला कुठला?” “या, दाखवतो. मूळचा लांब आहे. मला तर फार आवडतो तो.” एडिटरची खोली म्हणजे खिडकी नसलेलं एक कपाट. त्याने बटणं दाबली, दिवस शोधला, वेळ शोधली, आणि खुर्ची सरकवून त्याला पुढे घेतलं.

ती कोर्टवरून आली. हिरवा शर्ट. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसली, टॉवेलने मान पुसली, बाटली तोंडाला लावली आणि बाटली तशीच राहिली. तिने समोर पाहिलं. ते पाच सेकंद सुरू झाले, पाच संपले, सहा झाले, दहा झाले, ती बघतच होती. मग कॅमेरा सावकाश वळला. बुटकं, गादीचं बाकडं. त्या दिवशी फिजिओ रजेवर होता हे त्याला आता आठवलं. बाकड्यावर एक माणूस भिंतीला टेकून झोपला होता, मान एका खांद्यावर कलंडलेली, तोंड उघडं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, मांडीवर बायकोची बॅग दोन्ही हातांनी धरलेली, जणू कुणी ती पळवून नेणार आहे. स्पीकरमधून घोरणं ऐकू येत होतं, बारीक शिट्टीसारखं. हॉलमधल्या सगळ्यांना त्याने मोजलं होतं, कोच, फिजिओ, दारावरचा माणूस. झोपलेले आपण त्याच्या हिशेबातच नव्हतो. चित्रातली ती उठली. पाय न वाजवता त्याच्यापाशी आली, वाकली, दोन बोटांनी चष्मा काढला, दांड्या मिटल्या आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. बोटं खिशावर थोडी रेंगाळली. मग ती परत खेळायला गेली. त्या दिवशी जाग आल्यावर चष्मा खिशात सापडला होता आणि त्याला वाटलं होतं, आपणच काढून ठेवला असेल. “सगळंच दाखवणार होतो,” एडिटर म्हणाला, “पण तुम्ही तोंड उघडं टाकून घोरताय. ताई म्हणाल्या, बरं दिसत नाही, बिचाऱ्याची चेष्टा होईल. म्हणून नुसता त्यांचा चेहरा ठेवला.”

चहा हातात गार झाला. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, एक क्षणभर, छातीत धप्पकन काहीतरी उघडल्यासारखा. पण लगेच मागोमाग तीच जुनी कळ आली. तो त्या झोपलेल्या माणसावर जळत होता. त्या लाळ गाळणाऱ्या, तोंड वासलेल्या माणसाने असं काय केलं होतं? काही विचारलं नव्हतं, काही मोजलं नव्हतं, तिची वाट बघतोय हे तोंडावर दाखवलंही नव्हतं. ती उघड्या डोळ्यांच्या नवऱ्याकडे कधी तसं बघत नव्हती, कारण उघड्या डोळ्यांचा नवरा सारखा तिच्याकडून काहीतरी घ्यायला बसलेला असायचा. हे त्याला कळलं, आणि खुर्चीवर आपण काय बोलून आलो हेही त्याच क्षणी आठवलं.

तो धावत पॅसेजमधून गेला. ताई दारातच भेटली. “मघाचं ते पुसून टाका,” तो म्हणाला. “माझी चूक झाली. तो फिजिओ नव्हता, तो मी होतो.” ताईने त्याच्या दंडाला हात लावला. “भाऊजी, शांत व्हा. तुम्ही कागदांवर सही केलीय ना? आम्ही तुमच्या बोलण्यात काही घालणार नाही, काही काढणार नाही. जसं बोललात तसंच जाईल.” “तिला कळू देऊ नका. मी सांगतो तिला आधी.” ताई काही बोलली नाही. या वेळची शांतता तिची करामत नव्हती, तिला खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. “त्या आत आहेत,” ती म्हणाली. “त्यांची चारची वेळ होती. आम्ही नेहमीप्रमाणे त्यांना तुमचं दाखवतोय आणि त्यांचं म्हणणं घेतोय.” टेबलावरच्या टोपलीत तिचा मोबाइल होता, त्याच्या मोबाइलला टेकून. दारावरचा लाल दिवा चालू होता. दाराला आतून जाड रबर लावलेलं, आतला आवाज बाहेर येत नसे. तो त्या दारासमोर उभा राहिला. आत त्याचाच आवाज तिला सांगत असणार, एकतीस वर्षांची झाली, दर दुसरी मॅच हरते. तिथे थांबावं, दार उघडलं की तिचे पाय धरावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि दार उघडल्यावर ती आपल्याकडे कशी बघेल ते बघायची छाती त्याला होत नव्हती. दिवा विझायच्या आत त्याने आपला मोबाइल उचलला आणि जिन्याने उतरून चालू लागला.

घर नेहमीसारखंच होतं. सिंकमध्ये सकाळचे दोन कप. त्याने ते विसळले, पालथे घातले, मग पुन्हा सुलटे केले. तिला सांगायची वाक्यं त्याने जुळवून पाहिली, मोडली, पुन्हा जुळवली. प्रत्येक वाक्याची सुरुवात मला वाटलं अशी होत होती. कितीही चांगलं वाक्य आणलं तरी त्याला ऐकणारे तिचे डोळे डोळ्यांसमोर येत आणि वाक्य गळून पडे. साडेपाचच्या सुमारास खाली लिफ्टचं दार आपटलं. लिफ्ट वर येताना नेहमी कुरकुरायची. आणि त्याने काय करावं? तो बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसला, मान एका खांद्यावर टाकली, तोंड थोडं उघडलं. एडिटरच्या खोलीत बघितलेल्या त्या माणसाची नक्कल करत होता तो, आणि नक्कल जमत नव्हती. त्या माणसाच्या हातांत तिची बॅग होती, याचे हात रिकामे होते. त्याने चष्मा बोटाने नाकाच्या शेंड्यापर्यंत ढकलला आणि डोळे मिटले. हे खोटं आहे, नीच आहे, हे त्याला कळत होतं. तरी एकदा, एकदाच, तसं बघून घ्यायचं होतं त्याला. आणि डोळे मिटल्यावर ते आपल्याला दिसणार कसं, हे डोळे मिटल्यावरच त्याच्या ध्यानात आलं.

कुलपात किल्ली फिरली. बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला, मग बुटांचा, एक, दुसरा. ती खोलीच्या दाराशी आली आणि थांबली. किती दूर असेल? त्याने मोजायचं नाही असं ठरवलं आणि तरी मोजलं. ती उभी होती. काही हलत नव्हतं. ती बघत होती एवढं नक्की, आपल्याकडे कुणी बघत असलं की मिटल्या पापण्यांनाही ते कळतं. पण कशी बघत होती? आत्ता डोळे उघडले तर कळलं असतं, आणि आत्ता डोळे उघडायला जगातल्या कुठल्याच माणसाला जमलं नसतं असं त्याला वाटलं. नाकावरचा चष्मा हळूहळू घसरत होता. तो तिने काढला नाही.

“ऊठ,” ती म्हणाली. आवाज रडलेला नव्हता, चिडलेलाही नव्हता, फक्त दमलेला होता, दूरवरून आल्यासारखा. “तू झोपलास की घोरतोस.”

त्याचे कान तापले. मान अवघडली होती. आता उठून बसावं, तिच्याकडे बघावं, काय व्हायचं ते होऊ द्यावं, एवढंच करायचं होतं. ती अजून तिथेच उभी होती, वाट बघत. तो तसाच पडून राहिला, आणि मग, डोळे घट्ट मिटून, हळूच घोरू लागला.